दर्शनातून स्वाध्यायाकडे : एका रूढीच्या परिवर्तनाची कथा

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा लेखरूप मजकूर)



संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होतात तेव्हा केवळ वर्षांची मोजदाद करून भागत नाही. या पन्नास वर्षांत समाज कोठून कोठे आला, काय सोडले, काय जपले आणि काय नव्याने स्वीकारले, याचा ताळेबंद मांडावा लागतो. समाज बदलतो, हे सर्वजण म्हणतात. तो कसा बदलतो, याचा विचार मात्र क्वचितच होतो. एखादी गोष्ट आजोबांच्या काळी पाप मानली जाते, वडिलांच्या काळी वादाचा विषय होते आणि नातवाच्या काळी पुण्यकर्म ठरते. मधल्या काळात नेमके काय घडलेले असते? कोणी आज्ञा काढलेली नसते, कोणी कायदा केलेला नसतो, तरीही सर्वांचे मन पालटलेले असते.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच समाजाच्या इतिहासात त्याचे एक उत्कृष्ट उदाहरण आहे. ते म्हणजे मूडबिद्रीच्या सिद्धान्तग्रंथांचे. सोलापूर, मुंबई, मिरज, अमरावती आणि फलटण ही आपल्या महाराष्ट्रातील गावे या कथेत ठिकठिकाणी येतात. तरीही नव्या पिढीला ती फारशी ठाऊक नाही, म्हणून तिचा विस्ताराने विचार करणे उचित ठरेल.

रूढीचा जन्म

परंपरा अशी सांगते की, गिरनारच्या चंद्रगुंफेत राहणाऱ्या आचार्य धरसेनांना श्रुतज्ञान लोप पावेल अशी चिंता वाटू लागली. त्यांनी दक्षिणेतून दोन बुद्धिमान मुनींना बोलावून घेतले आणि आपल्याजवळचे ज्ञान त्यांना दिले. तेच आचार्य पुष्पदंत आणि आचार्य भूतबली होत. सत्प्ररूपणेची 177 सूत्रे पुष्पदंतांनी रचली व पुढील कार्य भूतबलींनी पूर्ण केले. हाच षट्खंडागम. ज्येष्ठ शुद्ध पंचमीस तो ग्रंथारूढ झाला, चतुर्विध संघाने त्याची पूजा केली, आणि तेव्हापासून श्रुतपंचमीचे पर्व सुरू झाले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्यापूर्वी श्रुत हे मुखोद्गत ठेवण्याची रीत होती. गुरूने सांगावे, शिष्याने ऐकावे आणि हृदयात धारण करावे. अपरिग्रही साधूने पोथ्यांचा संग्रह करणे हे दोषास्पद मानले जाई. अशा काळात ज्ञान लिहून ठेवणे हेच मुळी एक नवे पाऊल होते. काळाच्या ओघात स्मरणशक्ती क्षीण झाली, दुष्काळ व स्थलांतर यांमुळे संघ विखुरला, तेव्हा ज्ञान वाचवायचे असेल तर जुनी रीत थोडी मोडावी लागेल, हे ओळखणारे आचार्य आपल्याला लाभले. श्वेतांबर परंपरेतही वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम ग्रंथारूढ झाले, तेही याच कारणाने. म्हणजेच आपण ज्या श्रुतपंचमीला भक्तिभावाने पूजा करतो, ती पूजा एका परिवर्तनाची आहे. आज जी परंपरा आहे, ती एके काळी नवी होती.

पुढे आचार्य वीरसेनांनी षट्खंडागमावर 72,000 श्लोकप्रमाण 'धवला' टीका लिहिली. कसायपाहुडावरील 'जयधवला' टीकेचे 20,000 श्लोक लिहून ते दिवंगत झाले आणि त्यांचे शिष्य आचार्य जिनसेन यांनी उरलेले 40,000 श्लोक लिहून ती शक 759 मध्ये पूर्ण केली. षट्खंडागमाचा सहावा खंड 'महाबंध' हा 'महाधवल' या नावानेही ओळखला जातो. कर्मसिद्धान्ताचे हे तीन महासागर आहेत असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

या तिन्ही ग्रंथांच्या जुन्या कन्नड लिपीतील ताडपत्री प्रती दक्षिण कर्नाटकातील मूडबिद्रीच्या सिद्धान्त बसदीत सुरक्षित राहिल्या. इतरत्र त्या नष्ट झाल्या. राज्ये आली आणि गेली, मंदिरांवर संकटे आली, परंतु मूडबिद्रीच्या भट्टारकांनी आणि पंचांनी हे धन डोळ्यांत तेल घालून जपले. ग्रंथ बाहेर जाऊ द्यायचा नाही, कोणाच्या हाती द्यायचा नाही, केवळ दर्शन घडवायचे, हा तेथील दंडक होता. शिवाय वसुनंदी श्रावकाचारासारख्या ग्रंथात सिद्धान्तरहस्याच्या अध्ययनाचा अधिकार गृहस्थाला नाही असे म्हटलेले आहे. त्यामुळे या दंडकाला शास्त्राचाही आधार मिळाला.

आजच्या दृष्टीने हा दंडक संकुचित वाटेल. परंतु न्याय करताना सावध राहिले पाहिजे. तो दंडक नसता तर ते ग्रंथ उरलेच नसते. ज्या काळात एकच प्रत शिल्लक आहे आणि हरवली तर दुसरी मिळण्याचा मार्ग नाही, त्या काळात 'हात लावू नका' ही आज्ञा हेच खरे संरक्षण होते. कोणतीही रूढी जन्माला येते तेव्हा तिच्यामागे बहुधा काही प्रयोजन असते. ते न ओळखता रूढीची टवाळी करणारा मनुष्य सुधारक ठरत नाही. तो केवळ उतावळा असतो.

प्रयोजन संपते, रूढी उरते

दोष निर्माण होतो तो पुढे. कापडाच्या व्यवहारात असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते की उंची वस्त्र घडी करून पेटीत ठेवले आणि वर्षानुवर्षे ती घडी मोडली नाही, तर वस्त्र घडीवरच विरते. वापराने जेवढे झिजत नाही, तेवढे न उलगडल्याने जाते. म्हणून जाणती माणसे वर्षातून एकदा तरी ते बाहेर काढतात, वारा देतात आणि घडी बदलून ठेवतात. मूडबिद्रीच्या ग्रंथांचे असेच होऊ लागले होते. ताडपत्रे जीर्ण होत होती, कडा तुटत होत्या, कीड लागत होती. ती जुनी लिपी वाचणारे विद्वान एकेक करून कमी होत होते. ज्या दंडकाने ग्रंथ वाचवले, तोच दंडक आता ग्रंथांच्या नाशाला कारणीभूत होण्याची वेळ आली होती.

हे प्रथम ज्यांच्या ध्यानात आले ते पंडित नव्हते, व्यापारी होते. मुंबईचे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी (1851–1914) हे 1883 च्या सुमारास संघ घेऊन मूडबिद्रीच्या यात्रेस गेले. रत्नमय प्रतिमांचे दर्शन झाले, सिद्धान्तग्रंथांचेही दर्शन झाले. सहस्रावधी यात्रेकरूंनी तोवर तेच केले होते. हात जोडले, द्रव्य अर्पण केले आणि परतले. माणिकचंद शेठजींनी मात्र विचारले की, हे ग्रंथ वाचू शकणारे कोणी आहे काय? तेव्हा श्रवणबेळगोळच्या ब्रह्मसूरि शास्त्रींचे नाव त्यांना कळले. शेठजींनी ही हकीकत सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांना कळवली. हिराचंद शेठजी दुसऱ्याच वर्षी ब्रह्मसूरि शास्त्रींना बरोबर घेऊन मूडबिद्रीस पोहोचले आणि तेथे त्यांच्या मुखातून धवलेचे मंगलाचरण ऐकले. कित्येक पिढ्या जे केवळ पाहिले जात होते, ते त्या दिवशी पुन्हा वाचले गेले.

समाजपरिवर्तनाचा आरंभ किती साध्या गोष्टीने होतो, याचे हे उदाहरण आहे. येथे बंड नव्हते, निषेध नव्हता. एका श्रद्धावान यात्रेकरूने एक प्रश्न विचारला. त्याची श्रद्धा इतरांपेक्षा कमी नव्हती. किंबहुना ती अधिक होती, म्हणूनच ज्याची पूजा करतो ते काय आहे, हे जाणण्याची ओढ त्याला लागली.

छापखान्याचा वाद

हा काळ मोठ्या मंथनाचा होता. मुर्शिदाबादचे राय धनपतसिंह यांनी श्वेतांबर आगम छापण्याचे काम अंगावर घेतले होते. जर्मन विद्वान हर्मन याकोबी यांचे आचारांग व कल्पसूत्राचे इंग्रजी भाषांतर 1884 साली प्रसिद्ध झाले. सोलापुरात हिराचंद नेमचंद यांनी त्याच सुमारास 'जैन बोधक' हे मासिक सुरू केले. कोल्हापुरात पंडित कल्लाप्पा भरमाप्पा निटवे हे प्राचीन ग्रंथ मराठी अर्थासह छापून श्रावकांच्या हाती देत होते.

या प्रयत्नांना समाजातून कडाडून विरोध झाला. छापखान्याची शाई कशाची, रूळ कशाचे, खळ कशाची, हे प्रश्न विचारले गेले. अहिंसा हा ज्यांच्या धर्माचा प्राण आहे, त्यांनी ते विचारणे स्वाभाविकच होते. छापलेला कागद रद्दीत जाईल, पायदळी येईल, जिनवाणीचा अविनय होईल, ही भीतीही खोटी नव्हती. हस्तलिखित पोथी लिहविणे हे शास्त्रदान मानले जाई, आणि लिहविणारा कुटुंबाच्या कल्याणासाठी ती मंदिरास अर्पण करी. यंत्रातून एका दिवसात शेकडो प्रती निघू लागल्या तर त्या दानातील भाव कोठे राहील, असेही काहींना वाटले.

सुधारणेच्या बाजूच्या लोकांनी यावर काय केले, हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी विरोधकांना अज्ञानी म्हणून हिणवण्यात शक्ती घालवली नाही. शुद्धतेची शक्य ती काळजी घेतली, ग्रंथ अल्प मूल्यात मिळतील अशी व्यवस्था केली आणि मंदिरांना प्रती भेट दिल्या. माणिकचंद शेठजींच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ जी ग्रंथमाला निघाली, तिच्यात पंडित नाथूराम प्रेमी यांनी अनेक दुर्मिळ संस्कृत-प्राकृत ग्रंथ केवळ लागत मूल्यात उपलब्ध करून दिले. जो श्रावक छापील ग्रंथाला विरोध करीत होता, त्याचाच मुलगा पर्युषण पर्वात तो ग्रंथ चौरंगावर ठेवून, वेष्टनात बांधून, भक्तीने वाचू लागला. विरोध युक्तिवादाने कमी झाला, त्यापेक्षा अधिक तो परिचयाने कमी झाला. छापील ग्रंथालाही तोच विनय दाखवता येतो, हे डोळ्यांना दिसले, तेव्हा भीती आपोआप गळून पडली.

सव्वीस वर्षांचे लेखन

मूडबिद्रीच्या ग्रंथांबाबत मात्र छापण्याची गोष्ट तर दूरच, नक्कल करण्यालाही अनुमती मिळत नव्हती. माणिकचंद व हिराचंद या दोन्ही शेठजींनी अनेक वर्षे संयमाने प्रयत्न केले. वर्गणी जमवली, भट्टारक व पंच यांची समजूत घातली. अखेर 1896 च्या सुमारास प्रतिलेखनास आरंभ झाला. ब्रह्मसूरि शास्त्री आणि मिरजेचे गजपति शास्त्री हे या कामी नेमले गेले. काही काळाने ब्रह्मसूरि शास्त्रींचे निधन झाले. गजपति शास्त्रींनी नेटाने काम पुढे चालू ठेवले आणि धवला व जयधवला यांची देवनागरी नक्कल पुरी केली. महाबंधाचे लेखन पुढे पंडित लोकनाथ शास्त्री यांनी केले. हे सर्व कार्य 1922 पर्यंत चालले. सव्वीस वर्षे आणि सुमारे वीस हजार रुपये खर्ची पडले. हाती काय आले? तर नव्या प्रती. पण त्याही मूडबिद्रीतच राहाव्यात, बाहेर जाऊ नयेत, असेच तेथील पंचांचे म्हणणे होते. रूढी अर्धे पाऊल पुढे आली आणि थांबली.

आता या कथेतील अवघड भाग येतो. गजपति शास्त्रींनी नक्कल करीत असतानाच आपल्या विदुषी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने गुप्तपणे एक कन्नड प्रत तयार केली होती. ती घेऊन ते सोलापूरला हिराचंद शेठजींकडे गेले. ज्या ग्रंथासाठी आयुष्याची उमेद खर्च केली, तो ग्रंथ दाराशी चालून आला होता. परंतु दोन्ही शेठजींनी ती प्रत घेणे उचित मानले नाही. मूडबिद्रीच्या पंचांना दिलेला विश्वास त्यांना ग्रंथाइतकाच मोलाचा वाटला. व्यापारात ज्यांनी साख जपली, त्यांनी धर्मकार्यातही ती जपली.

पुढे 1915 साली ती प्रत सहारनपूर येथे लाला जंबूप्रसाद यांनी घेतली व आपल्या मंदिरात ठेवली. तेथे तिची देवनागरी नक्कल होत असताना लेखन करणाऱ्या सीताराम शास्त्रींनीही स्वतःसाठी एक प्रत राखून ठेवली आणि तिच्यावरून झालेल्या नकला अमरावती, कारंजा, आरा, सागर अशा अनेक ठिकाणी पोहोचल्या. ज्या ग्रंथाला शतकानुशतके एकच घर होते, त्याला काही वर्षांत अनेक घरे मिळाली.

या घटनेचा निवाडा कसा करावा? गुप्त नक्कल हा वचनभंग होता, यात शंका नाही. अचौर्य हे व्रत आहे आणि त्याला ज्ञानाचा अपवाद नाही. दुसऱ्या बाजूने पाहता, ती नक्कल झाली नसती तर पुढचे काहीच घडले नसते, असे म्हणणारेही आहेत. इतिहासात असे प्रसंग वारंवार येतात. बंद दार दीर्घकाळ बंदच राहिले की कोणीतरी खिडकीतून शिरतो. दोष शिरणाऱ्याचा असतोच. पण योग्य वेळी दार न उघडणाऱ्यांचा त्यात काहीच वाटा नसतो, असेही म्हणता येत नाही. समाजाच्या धुरीणांनी यातून घेण्याचा बोध असा की, जे पुढे होणारच आहे, ते अनुमतीने आणि मर्यादेत होऊ द्यावे. नाहीतर ते अनुमतीवाचून आणि मर्यादेबाहेर होते.

एक लहानशी गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. ज्या सिद्धान्ताच्या अध्ययनाचा अधिकार गृहस्थाला नाही असे म्हटले जात होते, त्याची अक्षरे मिरजेच्या शास्त्रीबुवांच्या घरातील एका स्त्रीच्या हातून उतरली. तिचे नाव इतिहासात जेमतेम एका ओळीपुरते आहे. परंतु त्या ओळीचे महत्त्व फार मोठे आहे.

अमरावतीचे कार्य

अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक असलेले डॉ. हिरालाल जैन यांनी धवलेच्या संपादनाचा संकल्प केला. विदिशाचे श्रीमंत शेठ लक्ष्मीचंद्र शिताबराय यांच्या दानातून निधी उभा राहिला. पंडित फूलचंद्र, पंडित हिरालाल, पंडित बालचंद्र या शास्त्रीमंडळींनी साहाय्य केले आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील प्राकृतचे प्रकांड विद्वान डॉ. आ. ने. उपाध्ये यांचे मार्गदर्शन लाभले. 1939 साली धवलेचा पहिला भाग हिंदी अनुवादासह प्रसिद्ध झाला.

पुन्हा वाद उसळला. गृहस्थांना अधिकार नसलेला ग्रंथ बाजारात कसा आणला, असा आक्षेप घेतला गेला. डॉ. हिरालाल यांनी त्याला शास्त्रानेच उत्तर दिले. अध्ययनाचा निषेध कोणत्या ग्रंथात आहे, तो किती जुना आहे, त्याहून प्राचीन आचार्यांनी तसे काही म्हटले आहे काय, याचा त्यांनी सविस्तर ऊहापोह केला. परंपरेचा एक थर दाखवून जेव्हा विरोध होतो, तेव्हा तिचा त्याहून जुना थर दाखवून त्याचे निराकरण करता येते. समाजाला परंपरा सोडण्यास सांगितले तर तो ऐकत नाही. परंपरेच्या मुळाशी परत चला असे सांगितले तर तो विचार करतो.

आणि मग जे घडले ते खरोखर आनंददायक आहे. प्रकाशित ग्रंथाची भक्तिपूर्ण मांडणी आणि शुद्धतेची तळमळ पाहून मूडबिद्रीच्या भट्टारक चारुकीर्ती स्वामींनी आणि पंचांनी मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्यास अनुमती दिली. ज्या दारासाठी पन्नास वर्षे विनवणी केली, ते दार आतून उघडले. त्याचा लाभ किती मोठा झाला हे एका उदाहरणाने कळेल. पहिल्या भागातील एका सूत्रात हाती असलेल्या प्रतींमध्ये 'संजद' हा शब्द नव्हता. अर्थाच्या ओघात तो तेथे असावा असे संपादकांना वाटले आणि त्यांनी तळटीपेत तसे नोंदवले. त्या एका शब्दावरून विद्वानांत मोठा वाद झाला. अखेर मूडबिद्रीची मूळ ताडपत्रे पाहिली, तेव्हा तेथे तो शब्द आढळला. नकलेवरून नक्कल होताना तो गळाला होता. ग्रंथ पेटीतच राहिला असता तर हा दोष कधी कळला नसता, आणि मूळ ग्रंथ मूडबिद्रीकरांनी जपला नसता तर तो कधी सुधारता आला नसता. जपणारे आणि उघडणारे हे एकमेकांचे शत्रू नाहीत, हे त्या एका शब्दाने सिद्ध केले.

सुमारे वीस वर्षांत धवलेचे 16 भाग पूर्ण झाले. महाबंधाचे सात भाग भारतीय ज्ञानपीठाने 1947 पासून प्रसिद्ध केले. जयधवलेचे प्रकाशन मथुरेहून 1944 साली सुरू होऊन 1988 पर्यंत चालले. धवलेचे भाग दुर्मिळ झाल्यावर सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने त्यांचे पुनर्मुद्रण केले. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांना महाबंधाचा काही भाग किडीने नष्ट झाल्याचे कळले, तेव्हा त्यांना अतीव दुःख झाले. त्यांच्या प्रेरणेने हे सिद्धान्तग्रंथ ताम्रपटांवर कोरून फलटण येथे ठेवले गेले. त्याच फलटणच्या संस्थेने 1965 मध्ये षट्खंडागमाची सूत्रे अनुवादासह एका ग्रंथात प्रसिद्ध केली. तिच्या संपादिका होत्या सोलापूरच्या पद्मश्री पंडिता सुमतीबाई शहा. लक्ष्मीबाईंची लेखणी पडद्याआड होती, सुमतीबाईंचे नाव मुखपृष्ठावर आले. या दोन नावांच्या मधे सुमारे पन्नास वर्षांचे अंतर आहे.

या कथेचा बोध

या सर्व घटनाक्रमातून समाजपरिवर्तनाविषयी काही गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली अशी की, रूढी आणि तिचे प्रयोजन यांचा मेळ वारंवार तपासला पाहिजे. व्यापारी दर दिवाळीला वही बदलतो, जुनी येणी-देणी पाहतो, बुडीत रकमा वेगळ्या काढतो. समाजाने आपल्या चालीरीतींची अशी वही कधी उघडावी? निदान सुवर्णमहोत्सवाला तरी उघडावी.

दुसरी गोष्ट म्हणजे, टिकणारे परिवर्तन आतल्या माणसांकडून येते. माणिकचंद, हिराचंद, हिरालाल हे सर्वजण श्रद्धावान, व्रतांचा आदर करणारे, मंदिराला दान देणारे होते. म्हणूनच त्यांचा शब्द ऐकला गेला.

तिसरी गोष्ट म्हणजे काळ. प्रथम दर्शनापासून प्रथम मुद्रणापर्यंत 56 वर्षे गेली. ज्यांनी बीज पेरले त्या माणिकचंद शेठजींना फळ पाहता आले नाही. समाजकार्यात उतरणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. आपल्या हयातीत निकाल लागला नाही म्हणून काम व्यर्थ जात नाही.

आणि चौथी गोष्ट म्हणजे, आज जी मोकळीक आहे ती उद्या पुन्हा बंधनात जाऊ शकते. ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि आजच्या व्याख्यानाचे प्रयोजनही तेच आहे.

आज धवलेचे सर्व भाग सहज मिळतात. अनेक मंदिरांच्या कपाटांत ते काचेआड ओळीने मांडलेले असतात. श्रुतपंचमीला त्यांना वेष्टन बदलले जाते, अर्घ्य दिले जाते, आरती होते आणि कपाट पुन्हा बंद होते. आता त्यांना हात लावण्यास कोणाची मनाई नाही. भट्टारकांची अनुमती लागत नाही, यात्रा करावी लागत नाही. संगणकावर, किंबहुना खिशातील मोबाइलवरही ते उघडतात. तरीही ते वाचले जातात काय? पूर्वी कुलूप कपाटाला होते, आता ते मनाला लागले आहे. पूर्वी ग्रंथ वाचणारे डोळे होते, पण ग्रंथ मिळत नव्हता. आता ग्रंथ हाताशी आहे आणि डोळे अन्यत्र आहेत. शंभर वर्षांच्या खटपटीने दर्शनापासून स्वाध्यायापर्यंत आलेला समाज पुन्हा केवळ दर्शनापाशी परतला, तर त्या पूर्वजांच्या श्रमांचे काय झाले असे म्हणावे?

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच निर्णयात प्राकृतलाही तो मिळाला. आपली मातृभाषा आणि आपल्या आगमांची भाषा या दोघींचा एकाच दिवशी गौरव झाला. या गौरवाचे चीज करायचे असेल, तर सत्कार-समारंभांपेक्षा निराळे काही करावे लागेल.

ते फार मोठे नाही. कोणत्याही ट्रस्टला ते शक्य आहे. श्रुतपंचमीच्या पूजेनंतर कपाट बंद करण्याआधी एक पान मोठ्याने वाचावे आणि त्याचा मराठीत अर्थ सांगावा. आठवड्यातून एक तास सामूहिक स्वाध्यायासाठी ठेवावा आणि त्यात तरुणांना केवळ श्रोता न ठेवता वाचक करावे. गावोगावच्या जुन्या मंदिरांत आणि घराघरांतील पेट्यांत अद्याप हस्तलिखित पोथ्या पडून आहेत. त्यांची यादी करावी, छायाचित्रे घ्यावीत आणि त्या कोरड्या जागी सुरक्षित ठेवाव्यात. ज्या घरची पोथी असेल त्या घराची अनुमती घेऊन आणि त्या घराचे नाव नोंदवूनच हे करावे. मूडबिद्रीच्या इतिहासाने विश्वासाचे मोल शिकवले आहे, ते विसरू नये. एखाद्या विद्यार्थ्याला, विशेषतः विद्यार्थिनीला, प्राकृतच्या अध्ययनासाठी शिष्यवृत्ती द्यावी. आहारदान, औषधदान, अभयदान यांच्या बरोबरीने शास्त्रदान सांगितले आहे. ग्रंथ विकत घेऊन कपाटात ठेवणे हे त्या दानाचे अर्धेच अंग आहे. तो वाचणारा तयार करणे हे उरलेले अर्धे.

नव्या काळात नव्या शंका निघतील. मोबाइलवर जिनवाणी वाचावी काय, तिचा अविनय होईल काय, असे प्रश्न आजही विचारले जातात. छापखान्याच्या वेळी निघालेल्या शंकांचेच हे पुढील रूप आहे. त्या शंकांना हसू नये, त्यांचा आदर करावा आणि विनय राखून मार्ग काढावा. शब्द ताडपत्रावर असो, कागदावर असो, ताम्रपटावर असो वा काचेच्या पडद्यावर असो, त्याचा खरा आधार वाचणाऱ्याचे मन हाच आहे. धरसेनाचार्यांनी ते ज्ञान प्रथम दोन मनांतच ठेवले होते.

संस्थेच्या पुढील पन्नास वर्षांचा हिशेब जेव्हा मांडला जाईल, तेव्हा इमारत किती वाढली, ठेवी किती झाल्या, हे आकडे त्यात असतीलच. त्या शेजारी एक रकाना आजच आखून ठेवावा : या काळात किती जणांनी ग्रंथ उघडला? तो रकाना भरण्याचे काम आज येथे बसलेल्या प्रत्येक श्रावक-श्राविकेचे आहे. ते घडो, हीच जिनेंद्रचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र.